पिशवीची मागची बाजू

वाचकांचे प्रश्न : मोठ्या कुत्र्याचं कोरडं खाद्य

मोठ्या झालेल्या कुत्र्याला दुकानातलं कोरडं खाद्य कुठलं द्यायचं, किती द्यायचं आणि ते घरात कसं टिकवायचं, याविषयी आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. घराघरांत या दाण्यांना सरसकट ‘पेडिग्री’च म्हणतात, मग पिशवी कुठल्याही कंपनीची असो. आम्ही कुठल्याच कंपनीचं नाव सुचवणार नाही. एकच कंपनी दहा प्रकारची खाद्यं विकते, आणि नाव हातात पडलं की पिशवी वाचायचं राहून जातं.

प्रश्न : आमचा गावठी कुत्रा चार वर्षांचा आहे. वजन १५ किलो, नसबंदी झालेली. दुकानात वीस प्रकारच्या पिशव्या दिसतात. सगळ्यांवर ताजी कोंबडी, हिरव्या भाज्या आणि चकाकणारे केस. निवडायचं कसं? (फोंडा)

पुढची बाजू जाहिरातीची, तिच्यात वेळ घालवू नका. पिशवी उलटी करा आणि आधी एकच वाक्य शोधा. ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’, आणि जवळच ‘अ‍ॅडल्ट मेन्टेनन्स’. म्हणजे प्रौढ कुत्र्याने फक्त हेच खाल्लं तरी त्याला लागणारं सगळं त्यातून मिळेल, असं कंपनी लेखी सांगते आहे. त्या वाक्यात बहुधा अमेरिकेच्या ‘आफ्को’चं किंवा युरोपच्या ‘फेडियाफ’चं नाव असतं. या संस्था खाद्य तपासून शिक्का मारत नाहीत. कोणता घटक किमान किती हवा याची कोष्टकं त्या ठरवतात, आणि आपलं खाद्य त्यांत बसतं असं म्हणण्याची जबाबदारी कंपनीची असते. आपल्या भारतीय मानक ब्युरोचंही पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी आयएस ११९६८ हे मानक आहे. यातलं काहीच पिशवीवर नसेल, किंवा ‘कॉम्प्लिमेंटरी’, ‘ट्रीट’, ‘टॉपर’ असा शब्द असेल, तर ते रोजचं जेवण नव्हे. ‘ऑल लाइफ स्टेजेस’ असं लिहिलेलं खाद्य पिल्लांची गरज धरून केलेलं असतं. मोठ्या कुत्र्याला ते चालतं, पण त्यात कॅलरी बहुधा जास्त असतात आणि दिवसभर दारात पसरणाऱ्या कुत्र्याच्या ते लवकर अंगावर चढतं.

मग आकडे बघा. प्रथिनं आणि फॅट किमान किती, फायबर आणि ओलावा कमाल किती, हे चार आकडे असतातच. आफ्कोच्या कोष्टकात प्रौढ कुत्र्यासाठी ओलावा वजा करून प्रथिनं किमान १८ टक्के आणि फॅट किमान ५.५ टक्के धरलं आहे. ही तळाची रेघ झाली. तुमच्या कुत्र्यासारख्या, सकाळ-संध्याकाळ अर्धा तास फिरणाऱ्या कुत्र्याला पिशवीवर २२ ते २८ टक्के प्रथिनं आणि १० ते १५ टक्के फॅट असलेलं खाद्य व्यवस्थित पुरतं. त्याहून जास्त प्रथिनांनी निरोगी कुत्र्याची किडनी बिघडते ही समजूत चुकीची आहे. आधीच किडनीचा आजार असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर सांगतील तेच खाद्य.

एक खबरदारी. कोरडं खाद्य आणि डब्यातलं ओलं खाद्य यांचे आकडे तसेच शेजारी ठेवून तुलना करू नका. कोरड्यात ओलावा १० टक्के, ओल्यात ८० पर्यंत. २४ टक्के प्रथिनांचं कोरडं खाद्य ओलावा काढल्यावर सुमारे २७ टक्क्यांचं होतं (२४ भागिले ९०, गुणिले १००). ८ टक्के लिहिलेला ओला डबा त्याच हिशेबाने ४० टक्क्यांचा निघतो.

आता घटकांची यादी. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण ते वजन शिजवण्याआधीचं. ताज्या कोंबडीत सुमारे ७० टक्के पाणी. त्यामुळे पहिलं नाव ‘फ्रेश चिकन’ असलं, तरी यंत्रातून दाणा सुकून बाहेर पडेपर्यंत ती कोंबडी चौथ्या-पाचव्या जागी गेलेली असू शकते. ‘चिकन मील’ म्हणजे आधीच सुकवून दळलेला माल. नाव ऐकून लोक नाक मुरडतात, पण किलोमागे प्रथिनं त्यातच जास्त असतात. खरा फरक कशात पडतो, तर नाव स्पष्ट आहे की मोघम. ‘चिकन मील’, ‘फिश मील’ म्हटलं की प्राणी कळतो. नुसतं ‘मीट अँड बोन मील’ म्हटलं की आज एक आणि पुढच्या गोणीत दुसरंच, असं होऊ शकतं. काळीज, कलेजी, पेटा हेही बाय-प्रॉडक्टच आहेत आणि कुत्र्याला ते उत्तम. तेव्हा त्या शब्दाला घाबरू नका, मोघमपणाला घाबरा.

एकाच धान्याचे तुकडे करून लिहिण्याची पद्धतही ओळखून ठेवा. पहिलं नाव चिकन मील, मग मका, मग मक्याचं ग्लूटेन, मग मक्याचा कोंडा. तिन्ही मके एकत्र धरले तर तेच पहिल्या जागी येतात. मका वाईट नाही, पण पैसे कोंबडीचे मोजताय की मक्याचे हे तरी कळायला हवं.

कॅलरींचा आकडा कित्येक पिशव्यांवर नसतो. तो घरी काढता येतो. १०० मधून प्रथिनं, फॅट, फायबर, ओलावा आणि राख (म्हणजे खनिजं; लिहिलेली नसेल तर ८ धरा) वजा करा, उरतं ते पिष्ट. प्रथिनं गुणिले ३.५, पिष्ट गुणिले ३.५, फॅट गुणिले ८.५, आणि तिन्हींची बेरीज. उदाहरणार्थ प्रथिनं २४, फॅट १२, फायबर ४, ओलावा १०, राख ८ असेल तर पिष्ट ४२ उरतं. बेरीज ८४ अधिक १४७ अधिक १०२, म्हणजे १०० ग्रॅममागे ३३३ कॅलरी.

हा आकडा हातात आला की किमतीचं कोडंही सुटतं. समजा एक खाद्य २२० रुपये किलो आणि १०० ग्रॅमला ३०० कॅलरी, दुसरं ३०० रुपये किलो आणि ३९० कॅलरी. तुमच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८५० कॅलरी लागतील (हिशेब पुढच्या उत्तरात आहे). पहिलं २८३ ग्रॅम लागेल, रोजचा खर्च ६२ रुपये. दुसरं २१८ ग्रॅम लागेल, खर्च ६५ रुपये. किलोला ८० रुपयांचं दिसणारं अंतर रोजच्या ताटात तीन रुपयांवर येतं.

शेवटी बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, ग्राहकसेवेचा फोन. तिथे एकदा फोन करा आणि विचारा, या खाद्याच्या १०० ग्रॅमला कॅलरी किती? ज्यांना हे सांगता येत नाही त्यांचं खाद्य आम्ही घेणार नाही.

प्रश्न : आमचा लॅब्रॅडोर ३८ किलोचा झालाय. पिशवीवर लिहिलंय तेवढंच देतो, एक मोठा पेला भरून दोन वेळा. वरून पोदेर (पाववाला) आला की पोईचा (पावाचा) तुकडा आणि चहाबरोबर पाच-सहा ग्लुकोज बिस्किटं. डॉक्टर म्हणाले ३० पाहिजे. कुठे चुकतंय? (म्हापसा)

पेल्यापासूनच. एकच पेला तिघांनी भरला तर तीन वजनं येतात, आणि बारीक दाणा त्यात जास्त मावतो. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणा. तुमचा नेहमीचा पेला भरून एकदा त्यावर ठेवा, बहुतेकांना धक्का बसतो.

पिशवीवरचं कोष्टक सरासरी कुत्र्यासाठी असतं आणि बहुधा सैल हाताने लिहिलेलं. नेमका हिशेब असा. कुत्र्याचं वजन तीनदा एकमेकांनी गुणायचं, मग फोनच्या कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाचं बटण दोनदा दाबायचं आणि येईल त्याला ७० ने गुणायचं. १५ किलोला १५ × १५ × १५ म्हणजे ३३७५, पहिलं वर्गमूळ ५८.१, दुसरं ७.६२, गुणिले ७० म्हणजे ५३४. ही नुसत्या विश्रांतीची गरज. नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला याच्या १.६ पट, नसबंदी न झालेल्याला १.८ पट. फोंड्याच्या वाचकांच्या कुत्र्याला म्हणून ८५० च्या आसपास. वजन उतरवायचं असेल तेव्हा हवं ते वजन धरायचं आणि एक पटच द्यायचं. तुमच्याकडे ३० किलोला सुमारे ९०० कॅलरी.

वरचं खाणं यातल्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, म्हणजे ९० कॅलरी. ग्लुकोजचं एक बिस्किट साधारण २५ कॅलरींचं. सहा बिस्किटं १५० झाली, आणि पोई अजून मोजलेलीच नाही. उरलेल्या ८१० कॅलरींसाठी, १०० ग्रॅमला ३५० कॅलरी असलेलं खाद्य २३० ग्रॅम. ते सकाळी एकदा काट्यावर मोजून एका डब्यात काढून ठेवा. दिवसभर घरातल्या ज्याला लाड करायचे असतील त्याने त्याच डब्यातला दाणा द्यायचा. कुत्र्याला हातून काहीतरी मिळाल्याचा आनंद तेवढाच होतो.

आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के उतार ठीक, म्हणजे सुरुवातीला ४०० ते ७५० ग्रॅम. आठ किलो उतरायला चार-पाच महिने लागतील हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. साधं खाद्य फार कमी केलं तर कॅलरींबरोबर जीवनसत्त्वं आणि खनिजंही कमी पडतात. म्हणून वजन उतरवायच्या खास खाद्याबद्दल डॉक्टरांना विचारा, त्यात कॅलरीमागे प्रथिनं आणि बाकीचे घटक वाढवलेले असतात. मोजून देऊनही सहा आठवड्यांत काटा हलला नाही तर थायरॉइड तपासून घ्या, लॅब्रॅडोरमध्ये तो बिघडतो.

रोजची परीक्षा बोटांनी करायची. आपला हात सपाट ठेवून हाताच्याच पाठीवरून, बोटांच्या सांध्यांवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा. हाडं जाणवतात, पण टोचत नाहीत. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या पाहिजेत. तळहातावरच्या अंगठ्याखालच्या मांसासारखं लागलं तर तो जाड आहे. वळलेल्या मुठीच्या गाठींसारखं लागलं तर बारीक.

हा आग्रह दिसण्यासाठी नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्रॅडोर जन्मभर पाहिले गेले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं भरलं, त्यांच्या जोडीदारांचं ११.२. सांध्यांचं दुखणंही त्यांना उशिरा लागलं. खाद्य दोघांनाही एकच होतं.

प्रश्न : पावसाळ्यात अर्धी पिशवी संपली की कुत्री तोंड लावत नाही. स्वस्त पडते म्हणून १५ किलोची गोणी मे महिन्यात घेऊन ठेवतो. आता दुकानदार म्हणतो सुटं घ्या. (कुडचडे)

तिचं ऐका. तिचं नाक तुमच्या-आमच्यापेक्षा कितीतरी आधी सांगतं.

दाणा कारखान्यात शिजून सुकला की त्याच्यावर शेवटी चरबी किंवा तेल फवारतात, चवीसाठी आणि कॅलरींसाठी. म्हणजे सगळ्यात आधी खवट होणारी गोष्टच दाण्याच्या बाहेरच्या अंगाला असते. पिशवी उघडली की हवा लागते आणि घड्याळ सुरू होतं. मुदतीची तारीख न उघडलेल्या पिशवीची आहे, हे फार कमी जण लक्षात घेतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली असते. दहा टक्के ओलाव्याचा दाणा ती ओल ओढून घेतो आणि बुरशीला जागा मिळते. ज्या खाद्यात टिकवण्यासाठी ‘मिक्स्ड टोकोफेरॉल्स’, म्हणजे ई जीवनसत्त्व वापरलेलं असतं, ते बीएचए-बीएचटी ही कृत्रिम रसायनं घातलेल्यापेक्षा सहसा लवकर खवटतं. ते वाईट म्हणून नव्हे, पण आणलं तर लहान पिशवीच आणावी.

घरोघरी मे महिन्यात पुरुमेत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी भरतो, सुकी मासळी, मिरच्या, आमसुलं. कुत्र्याचं खाद्य त्या यादीत घालू नका. पिशवी उघडल्यापासून चार आठवड्यांत संपावी, पावसात तीन. रोज २५५ ग्रॅम खाणाऱ्या १५ किलोच्या कुत्र्याला ३ किलोची पिशवी १२ दिवस जाते, ७ किलोची २७ दिवस, १५ किलोची ५८ दिवस. तिसरी गोणी अशा घरात घ्यायचीच नाही, दोन कुत्री असतील तर गोष्ट वेगळी.

ठेवायचं असं. दाणे पिशवीतून डब्यात ओतू नका, पिशवीसकट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात किंवा पत्र्याच्या पिंपात ठेवा. चांगल्या पिशवीला आतून तेल आणि ओल अडवणारा थर असतो, शिवाय बॅच नंबर जवळ राहतो. प्रत्येक वेळी हवा दाबून काढा, तोंड दुमडून चिमटा लावा. आठवड्याचं खाद्य छोट्या डब्यात काढून घ्या, म्हणजे मोठं झाकण रोज उघडत नाही. फ्रिजमध्ये ठेवू नका. आत-बाहेर करताना दाण्यांवर पाणी सुटतं. डबा जमिनीवर नको, बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीला टेकून नको, चुलीजवळ नको. पिंप संपलं की साबणाने धुऊन, पूर्ण सुकवून मगच नवी पिशवी, कारण तळाशी राहिलेल्या जुन्या तेलाने नवं खाद्य लवकर बिघडतं. मुंग्या येत असतील तर डबा पाणी घातलेल्या परातीत ठेवा. उंदरांचा माग दिसला तर ते खाद्य टाकूनच द्या. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो, आणि पावसाळा हाच त्याचा काळ.

वास घेताना मूठभर दाणे तळहातावर चोळून घ्या. जुन्या शेंगदाण्यासारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास म्हणजे खवट. कुबट वास, दाण्यांना गुठळ्या, राखाडी-हिरवी झाक म्हणजे बुरशी. वरचे खराब दाणे निवडून बाकीचे देणं, उन्हात सुकवणं, तव्यावर भाजणं यातलं काहीही करू नका. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष घरच्या उष्णतेने जात नाही, आणि स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही ते असू शकतं. कुत्रा जेवण सोडतो, मलूल होतो, ओकतो, हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडतो, कारण मार लिव्हरला बसतो. असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि पिशवी बरोबर न्या.

सुट्या खाद्याबद्दल आमचं मत पक्कं आहे. घेऊ नका. गोणी कधी फोडली, कुठल्या बॅचची, मुदत किती, हे तुम्हाला कळायला काहीच मार्ग नाही, आणि दिवसभर उघड्या राहिलेल्या गोणीतली हवा तुमच्या घरातल्यासारखीच दमट.

प्रश्न : ग्रेन-फ्री चांगलं का? (पणजी)

बहुतेक कुत्र्यांना त्याची गरज नाही. लांडग्याचा वंशज म्हणून कुत्र्याला धान्य पचत नाही, हे म्हणणं टिकत नाही. २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनात दिसलं की पिष्ट पचवणाऱ्या एंझाइमच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त आहेत. माणसाच्या चुलीशेजारी राहून तो बदलला. शिवाय ग्रेन-फ्री म्हणजे पिष्ट नसलेलं नव्हे, तांदूळ-मक्याच्या जागी वाटाणा, मसूर किंवा बटाटा येतो. अशा खाद्यांचा आणि कुत्र्यांच्या हृदयाचा स्नायू ढिला पडण्याच्या आजाराचा संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध प्रशासनाने) जुलै २०१८ मध्ये जाहीर केली. कारण सिद्ध झालं नाही, पण शंका फिटलीही नाही. जास्त पैसे देऊन ही शंका विकत का घ्यावी?

प्रश्न : सतत खाजवतो, पंजे चाटतो. दोन महिन्यांत तीन खाद्यं बदलली. (साखळी)

खाद्य बदलणं थांबवा आणि आधी कान, बोटांच्या बेचक्या, शेपटीखालचा भाग उजेडात तपासा. आपल्याकडे खाजेचं कारण जेवणाआधी गोचीड, पिसवा, खरूज आणि दमट हवेतली बुरशी यांत शोधावं लागतं. डॉक्टरांकडून कातडीचा नमुना तपासून घ्या, गोचिडीचं औषध तारखेवर द्या.

ते सगळं करूनही खाज वर्षभर सारखी राहिली तर जेवणाची अ‍ॅलर्जी असू शकते. कुत्र्यांत ती जास्त करून बीफ, दूध, कोंबडी आणि गहू यांची दिसते. तिला रक्ताची भरवशाची तपासणी नाही. उपाय एकच. आजवर कधीच न खाल्लेल्या प्रथिनाचं, किंवा डॉक्टरांकडे मिळणारं हायड्रोलाइज्ड (बारीक तुकड्यांत मोडलेल्या) प्रथिनांचं खाद्य किमान आठ आठवडे, आणि दुसरं काहीही नाही. बिस्किट नाही, शेजारच्या घरातला तुकडा नाही, मांसाच्या चवीची चघळायची गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मग जुनं खाद्य पुन्हा देऊन खाज परत येते का ते बघायचं. ही शेवटची पायरी गाळली तर केलेलं सगळं वाया जातं. दुकानातल्या ‘फिश’ लिहिलेल्या पिशवीवर भरवसा ठेवण्याआधी यादी वाचा, त्यात चिकन फॅट किंवा चिकन मील बऱ्याचदा असतं.

प्रश्न : नुसते कोरडे दाणे देववत नाहीत. आमच्याकडे रोज हुमण-शीत (मासळीचं कालवण आणि भात) असतं, ते कालवून दिलं तर? (काणकोण)

हुमणातलं नको. कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, शिजवलेला असो, वाटलेला असो की पूड असो. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा विषारी ठरतो, म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला ७५ ग्रॅम, एक मध्यम कांदा. लसूणही त्याच जातीचा. मीठ, तिखट आणि नारळाचा दाट रस हे आणखी.

पण मासळी जरूर द्या. मसाला लावण्याआधी बांगड्याचा तुकडा बाजूला काढा, बिनमिठाचा उकडा, मधला काटा ओढून काढा आणि उरलेले बारीक काटे बोटांनी चाचपून वेचा. कच्ची तारली देऊ नका, तिच्यातला एक घटक बी-१ जीवनसत्त्व मोडतो, उकडल्यावर तो नष्ट होतो. सुकी खारी मासळी अजिबात नाही.

प्रमाण तेच, दिवसाच्या कॅलरींचा दहावा हिस्सा. ८५० मधल्या ८५ कॅलरी म्हणजे साधारण ४० ग्रॅम उकडलेला बांगडा, किंवा ६५ ग्रॅम भात. आणि तेवढे, म्हणजे २५ ग्रॅम दाणे कमी करायचे. कालवून दिलं की कुत्रा दाणे गाळून भातच खातो, आणि घरची माणसं भात वाढवत नेतात. भात आणि मासे यांत कॅल्शियम, झिंक, तांबं, ई जीवनसत्त्व कमी पडतं. ते महिन्याभरात दिसत नाही, वर्षभराने केस आणि हाडं सांगतात. अर्धं जेवण घरचंच द्यायची इच्छा असेल तर पशुवैद्यांकडून मोजमापासह पाककृती आणि खनिजांचं मिश्रण लिहून घ्या. आणि संतुलित कोरडं खाद्य पूर्ण देत असाल तर वरून कॅल्शियमची बाटली नको.

सणांत जास्त जपा. नाताळातले चोरीस (डुकराच्या मांसाचे सॉसेज), डुकराचं चरबीचं मांस, चवथीच्या नेवऱ्या (करंज्या). एका दिवसाच्या तेलकट खाण्यानेही स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, कुत्रा पाठ कमानीसारखी करून उभा राहतो आणि सतत ओकतो. हे घरी बरं करायचं दुखणं नव्हे. मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट तर चाखायलाही नाहीत. नाताळाच्या केकमध्ये बेदाणे असतात हे पाहुण्यांना सांगून ठेवा.

प्रश्न : आमचं घर शाकाहारी आहे. (डिचोली)

कुत्रा मांजरासारखा मांसावर पूर्ण अवलंबून नाही. शाकाहारी कोरडं खाद्य चालू शकतं, मात्र ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ची अट इथे दुप्पट कडक धरा आणि यादीत मेथिओनीन, टॉरीन, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व वेगळं घातलेलं आहे ना ते बघा. वर्षातून एकदा रक्ततपासणी करून घ्या. वरण-भात-पोळी हे मात्र शाकाहारी खाद्याला पर्याय नव्हे.

प्रश्न : दाणे दुधात भिजवून दिले तर? कोरडे दिल्याने दात साफ राहतात म्हणतात. (वाळपई)

दूध नको, मोठ्या बऱ्याच कुत्र्यांना ते पचत नाही आणि जुलाब होतात. कोमट पाण्यात भिजवा, खुशाल. म्हाताऱ्या किंवा पाणी कमी पिणाऱ्या कुत्र्याला तर चांगलंच. भिजवलेलं तासाभरात खाल्लं नाही तर टाकून द्या, आपल्या हवेत ते लवकर आंबतं. साधा दाणा दाताचं टोक लागताच फुटतो, हिरडीजवळचं कीट निघत नाही. त्यासाठी ब्रशच. पाण्याचं भांडं मात्र भरलेलं हवं. दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर हा अंदाज, एप्रिल-मेमध्ये त्याहून बराच जास्त.

प्रश्न : पिल्लाच्या खाद्यावरून मोठ्यांच्या खाद्यावर कधी आणि कसं आणायचं? मागच्या वेळी एकदम बदललं आणि आठवडाभर जुलाब लागले. (मडगाव)

लहान जातींना दहा-बारा महिन्यांनी, गावठी आणि मध्यम कुत्र्यांना वर्षाने, लॅब्रॅडोर-जर्मन शेफर्डसारख्या मोठ्यांना पंधरा ते अठरा महिन्यांनी. नसबंदी झाली असेल तर कॅलरींची गरज घसरते, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यापासूनच माप उतरवा.

बदल दहा दिवसांत करा. पहिले तीन दिवस तीन हिस्से जुनं, एक हिस्सा नवं. पुढचे तीन दिवस अर्धं-अर्धं. मग तीन दिवस एक हिस्सा जुनं, तीन हिस्से नवं. दहाव्या दिवशी पूर्ण नवं. यासाठी जुनी पिशवी संपायच्या आधी दहा दिवस नवी आणायला हवी, आणि बहुतेकांचं इथेच अडतं. मिश्रणही वजनानेच करा, कारण दोन्ही दाण्यांचा आकार वेगळा असतो.

शी रोज बघा. उचलताना आकार टिकला आणि जमिनीवर फारसा डाग राहिला नाही तर पुढच्या टप्प्यावर जा. मऊ झाली तर आहे त्याच प्रमाणावर आणखी दोन दिवस थांबा. पाण्यासारखी झाली, त्यात रक्त दिसलं किंवा बरोबर उलट्या लागल्या तर डॉक्टरांकडे न्या, आणि जाताना दोन्ही पिशव्यांच्या मागच्या बाजूचे फोटो काढून न्या.